पाहुण्याचा एक दिवस : कामाकुरा आणि एनोशिमा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत पर्यवेक्षक आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मला जपानमधील योकोहामाला जायचे आहे. गेल्या वर्षी तिथले दोन अभियंते आमच्याकडे आले होते, तेव्हा मी त्यांना अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि पन्हाळा असे सगळे एका दिवसात दाखवले होते. आता एका रविवारी ते मला कामाकुराला नेणार असल्याचे त्यांनी कळवले आहे. मी माळकरी आहे. त्या दिवशी खाण्याचे काय करावे, भेट काय न्यावी, खर्च कोणी करायचा आणि एका दिवसात तिथले काय काय पाहून होईल, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, शिरोली

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. काय काय पाहायचे हे ठरवणे आपल्या यजमानांकडे आहे आणि त्यांनी ते बहुधा ठरवूनही टाकले असेल. जपानी माणूस पाहुण्याला फिरवायला नेतो तेव्हा कोणती गाडी किती वाजून किती मिनिटांनी पकडायची, जेवायला कुठे बसायचे आणि पाऊस आला तर कोणते ठिकाण गाळायचे, इथपर्यंतचा विचार आधी झालेला असतो. आपण त्यांना पन्हाळ्यावर नेले तेव्हा तबक उद्यानापाशी उभे राहून त्यांनी ‘आता जोतिबाही करून टाकू या’ अशी फर्माईश नक्कीच केली नसेल. तेवढीच सबुरी आता आपण दाखवावी.

मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहितो. कामाकुराहून परतायची वेळ झाली असताना मी यजमानांना म्हटले की समुद्रकाठचे एनोशिमा बेट इतके जवळ आहे, तर तेही पाहून घेऊ. ते किंचित थांबले, मान एका बाजूला कलती करून ‘चोत्तो...’ एवढेच म्हणाले आणि मग हसून मला घेऊन निघाले. ‘चोत्तो’ या शब्दाचा अर्थ ‘थोडेसे’ असा होतो, हे मी पुस्तकातून शिकलो होतो. परंतु वाक्य अर्धवट सोडून तो असा उच्चारला की त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता आणि माझ्या हौसेपायी तो त्यांना चुकला, हे मला दोन दिवसांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले. खरे तर कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे कोणी ‘बघूया की’ म्हणाले तर ते काम होणार नाही, हे आपण बरोबर ओळखतो.

तरीही दिवसाचा साधारण अंदाज देतो. योकोहामाहून योकोसुका मार्गावरील गाडी सुमारे पंचवीस मिनिटांत कामाकुराला पोहोचते. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी ठरलेल्या जागी उभे राहावे, कारण यजमान त्याच्याही आधी येऊन थांबलेले असण्याची शक्यता आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस आपल्या कल्पनेपेक्षा लहान असतो.

बहुतेक जण आधी त्सुरुगाओका हाचिमान हे शिंतो (म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे) देवस्थान दाखवतात. त्याची मूळ स्थापना १०६३ सालची आहे. मिनामोतो नो योरितोमो याने ते ११८० साली आजच्या जागेजवळ आणले आणि ११९२ साली तो शोगुन, म्हणजे लष्करी शासक, झाल्यावर क्योतोचा सम्राट नावापुरता राहून खरी सत्ता या किनाऱ्यावरच्या गावातून चालू लागली. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, ही व्यवस्था ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुख्य मंदिराकडे जाणाऱ्या ६१ पायऱ्यांच्या डाव्या बाजूला जिंको वृक्षाचा एक बुंधा दिसेल. १२१९ साली तिसरा शोगुन सानेतोमो याचा त्याच्या पुतण्याने याच पायऱ्यांवर खून केला आणि मारेकरी त्या झाडाआड दबा धरून बसला होता, अशी दंतकथा आहे. ते झाड मार्च २०१० मध्ये वादळी वाऱ्यात उन्मळून पडले. आता त्याच्या मुळांतून नवे धुमारे फुटून वाढले आहेत.

देवळात शिरण्यापूर्वी दगडी कुंडावर लांब दांड्याच्या पळीने आधी डावा हात, मग उजवा हात धुवावा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरावी आणि पळीला तोंड लावू नये. शिंतो देवस्थानात दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकतात. बौद्ध मंदिरात मात्र टाळ्या न वाजवता नुसते हात जोडतात, जे आपल्याला शिकावे लागणार नाही. दानपेटीत पाच येनचे नाणे टाकण्याची पद्धत आहे, कारण ‘पाच येन’ आणि ‘ऋणानुबंध’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘गो-एन’ असाच होतो.

तिथून एनोदेन नावाची छोटी गाडी पकडून तिसऱ्या स्थानकावर, म्हणजे हासे येथे उतरावे लागते. कामाकुरा ते फुजिसावा हा दहा किलोमीटरचा एकेरी मार्ग आहे आणि गाडी काही ठिकाणी लोकांच्या परसदारांना खेटून जाते. हासेहून दहा मिनिटे चालले की कोतोकु-इन मंदिराच्या आवारात उघड्यावर बसलेला महाबुद्ध दिसतो. बाकी कुठे वेळ कमी पडला तरी चालेल. येथे मात्र आपण भरपूर थांबावे, आणि ते केवळ दर्शनासाठी नव्हे.

ही अमिताभ बुद्धाची मूर्ती काशाची आहे. उंची सुमारे ११.३ मीटर, वजन सुमारे १२१ टन, आणि तिचे ओतकाम १२५२ साली सुरू झाले. आपल्यासारख्या ओतकामाच्या माणसाने क्षणभर डोळे मिटून विचार करावा की ना क्रेन, ना विजेची भट्टी, आणि एवढा रस ओतायचा कसा. तो एकदम ओतलेला नाही. मूर्ती खालून वर, एकेक थर ओतत नेलेली आहे. थर जसजसा वर चढत गेला तसतसा भोवती मातीचा भराव घालून कारागिरांना उभे राहायला जागा केली गेली. मिश्रधातूत शिशाचे प्रमाण पुष्कळ आहे. शिशामुळे रस सहज वाहतो, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. मूर्ती आतून पोकळ आहे आणि वेगळे ५० येन भरून आत शिरता येते. या धंद्याबाहेरचे लोक आत जाऊन दोन मिनिटांत कंटाळून परततात. आपण मात्र भिंतीवरचे चौकटी-चौकटींचे जोड पाहावेत. आधीच्या थराला नवा थर घट्ट पकडून बसावा म्हणून केलेल्या खाचांचे एकाहून अधिक प्रकार तिथे उघड दिसतात. मानेच्या आतील भागाला १९६० आणि १९६१ च्या दुरुस्तीत प्लॅस्टिकचे मजबुतीकरण केले आहे. त्याच वेळी मूर्ती आणि चौथरा यांच्यामध्ये अशी योजना केली की मोठा भूकंप झाला तर मूर्ती तुटण्याऐवजी किंचित सरकावी. १९२३ च्या भूकंपात चौथऱ्याचे नुकसान झाले होते, त्याचा हा धडा. आपले यजमान अभियंते आहेत, तेव्हा शब्द अडले तरी शिरोलीची बोटे आणि योकोहामाची बोटे त्या जोडांवरून फिरवत अर्धा तास सहज जाईल. परदेशी मित्राशी गप्पा मारायला ‘आपल्याकडे हवामान कसे असते’ यापेक्षा हा विषय कितीतरी बरा.

मूर्तीभोवती पूर्वी लाकडी मंडप होता. तो वादळांत कोसळला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून बुद्ध ऊनपावसात बसलेला आहे. मंडपाच्या खांबांखालचे दगड आवारात अजून आहेत. कोल्हापूरकराने आणखी एक गोष्ट चुकवू नये. आवाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर पावणेदोन मीटरहून लांब अशा गवताच्या दोन प्रचंड वहाणा टांगलेल्या आहेत. इबाराकी प्रांतातील मुलांनी १९५१ पासून त्या वळून अर्पण करण्याची प्रथा सुरू केली. युद्धात होरपळलेल्या देशात बुद्धाने या घालून फिरावे आणि लोकांना सुख द्यावे, अशी त्यामागची भावना होती. त्याच आवारात श्रीलंकेचे (तेव्हाच्या सिलोनचे) नेते जयवर्धने यांचे स्मारक आहे. ते सिलोनचे अर्थमंत्री असताना जपानशी शांतता करार करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत त्यांनी वैराने वैर शमत नाही या बुद्धवचनाचा आधार घेऊन जपानकडून युद्धाची भरपाई मागण्याचे नाकारले होते. जपानी वडीलधाऱ्यांना हे चांगले आठवते.

आता जेवण. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागणार नाही. तांदूळ, टोफू आणि भाज्या यांनी भरलेले ताटसुद्धा ‘दाशी’ नावाच्या अर्कात शिजवलेले असते, आणि दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशापासून काढतात. नुसत्या दिसण्यावरून ते कळत नाही; शेवयांच्या सूपात, गोडसर तळलेल्या टोफूत, भज्यांबरोबरच्या पातळ चटणीतसुद्धा ती असते. म्हणून निदान आठवडाभर आधी यजमानांना लिहून कळवावे की मांस, मासे, अंडी आणि माशांची दाशी चालत नाही. हे मागणे त्यांना जड वाटेल अशी भीती बाळगू नये. ऐन जेवणाच्या टेबलावर सांगितले तर मात्र त्यांची खरोखर पंचाईत होईल, कारण आधी ठरवलेली जागा त्यांना सर्वांसमोर बदलावी लागेल. आधी कळले तर ते आपल्याला ‘शोजिन र्‍योरी’ मिळते अशा ठिकाणी नेतील. हे बौद्ध मठांतले जेवण. त्यात मांस-मासे तर नसतातच, शिवाय परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे आपल्या चातुर्मासातही ते चालून जाईल. कामाकुरातील केंचो-जी हा १२५३ सालचा झेन मठ आहे आणि भाज्या व टोफू घालून केलेले ‘केंचिन-जिरु’ हे सार तिथूनच निघाले असे मानतात. मात्र बाहेरच्या हॉटेलात तेच सार दाशीत केलेले असू शकते, तेव्हा विचारून घ्यावे.

भेटीच्या बाबतीत कोल्हापूरकराला पहिली आठवण चपलेचीच होणार. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ती न्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला पादत्राण देणे तिथे अपमानकारक समजले जाऊ शकते, आणि मापाची अडचण वेगळीच. त्याऐवजी लहान-लहान पुड्यांत बांधलेली गुळाची किंवा शेंगदाण्याची चिक्की न्यावी. एक मोठा डबा नेण्यापेक्षा सुट्या पुड्या बऱ्या, कारण ते कार्यालयात प्रत्येकाला एकेक वाटतील. मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे आणि ताज्या फळांवरही कडक बंधने आहेत. पुड्यांची संख्या चार किंवा नऊ ठेवू नये. चारचा उच्चार मृत्यूसारखा आणि नऊचा यातनेसारखा होतो. भेट दोन्ही हातांनी द्यावी. ती आपल्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नये. तशीच पद्धत आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांनी निमंत्रण दिले आहे, तेव्हा जेवणाचे पैसे ते देण्याची शक्यता आहे. आपल्याकडे काउंटरपाशी जी ओढाताण होते, ती तिथे करू नये. एकदा विचारावे, ते नको म्हणाले तर मान तुकवून आभार मानावेत आणि दुपारचा चहा किंवा कॉफी आपल्याकडून असे आधीच सांगून ठेवावे. टीप कुठेही ठेवू नये. आणि पायमोजे धड असलेले घालावेत, कारण एखाद्या जेवणाच्या ठिकाणी बूट काढून आत बसावे लागले तर अंगठ्याचे भोक सगळ्यांना दिसते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. योकोहामाला मुलाकडे दोन महिने राहणार आहे. त्याच्या शेजारचे जपानी जोडपे मला एनोशिमाला नेऊ म्हणते. माझे गुडघे दुखतात. बेटावर चढ किती आहे? तिथली देवी म्हणजे आपली सरस्वतीच, असे मुलगा सांगतो. हे खरे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मुलगा खरे सांगतो. एनोशिमाची बेंझाइतेन ही मूळची सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानला गेली आणि तिच्या हातातल्या वीणेच्या जागी बिवा नावाचे तंतुवाद्य आले. एनोशिमा, चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा ही तिची तीन मोठी स्थाने मानली जातात आणि तिन्ही बेटे आहेत. मूळच्या नदीदेवतेने पाण्याची सोबत सोडली नाही, असे म्हणता येईल. एनोशिमाच्या अष्टकोनी मंदिरात तिच्या दोन मूर्ती आहेत. एक अष्टभुजा आहे, आणि दुसरी बिवा वाजवणारी विवस्त्र मूर्ती आहे. ती पाहून आपल्याला पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे होईल, परंतु तिथे ती श्रद्धेने पूजली जाते.

पुढे तिच्या नावातील ‘झाइ’ हे अक्षर ‘प्रतिभा’ ऐवजी ‘धन’ या अर्थाच्या अक्षराने लिहू लागले आणि विद्येची देवी पैशाचीही देवी झाली. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. जपानी लोकांनी दोघींचे काम एकीवरच सोपवले. लक्ष्मी किचिजोतेन या नावाने तिथे वेगळीही आहे, पण लोकप्रियतेत ती मागे पडली. कामाकुरातील झेनिआराइ बेनतेन या देवस्थानात तर लोक टोपलीत नाणी आणि नोटा ठेवून झऱ्याच्या पाण्यात धुतात, म्हणजे त्या वाढतात असे मानतात. ते ठिकाण चढावर आहे, तेव्हा तिथे जायचे झाल्यास टॅक्सीने जावे.

गुडघ्यांबद्दल स्पष्ट लिहितो. बेटावर पूल ओलांडून जाता येते आणि पुलापर्यंत चढ नाही. वर जाण्यासाठी पैसे भरून सरकते जिने मिळतात. पण ते फक्त वर नेतात, उतरताना पायऱ्याच आहेत. बेटावर तीन देवळे आहेत आणि त्यांच्याही पलीकडे समुद्रालगतच्या गुहा. गुहांकडे उतरायला आणि तिथून परत चढायला पुष्कळ पायऱ्या आहेत. हवामान चांगले असेल तर त्या बाजूने पुलाकडे येणारी एक छोटी नाव सुटते, पण तिच्या भरवशावर खाली उतरू नये. माझ्या मते आपण पहिल्या दोन देवळांपर्यंतच जावे. हे यजमानांना आधी सांगावे. वाटेत दुखणे लपवून चालत राहिलात, तर त्यांच्या ते लक्षात येईल आणि ते स्वतःला दोष देत बसतील. हवा स्वच्छ असली तर समुद्रापलीकडे फुजी दिसतो. हिवाळ्याच्या सकाळी ही शक्यता जास्त असते.

आणखी एक सूचना, जी कोणाला हसू येण्यासारखी वाटेल. त्या किनाऱ्यावर घारी आहेत, आणि त्या हातातला खाऊ झडप घालून नेतात. उघड्यावर काही खाऊ नये. गर्दीच्या रस्त्यात चालता-चालता खाऊ नये, असे कामाकुरा नगरपालिकेनेही २०१९ पासून नियमात लिहिले आहे, अर्थात ते घारींसाठी नव्हे.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकते आणि जपानी भाषेच्या वर्गाला जाते. दिवसभर फिरवून आणणाऱ्या जपानी मैत्रिणींचे आभार कसे मानावेत? एकदा ‘थँक यू’ म्हणणे पुरेसे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुरेसे नाही. निरोप घेताना एकदा, घरी पोहोचल्यावर संदेशातून दुसऱ्यांदा आणि पुढच्या वेळी भेट होईल तेव्हा, मग ती महिन्याने का असेना, ‘सेन्जित्सु वा आरिगातो गोझाइमाशिता’, म्हणजे ‘त्या दिवशीबद्दल आभारी आहे’, असे तिसऱ्यांदा म्हणावे. मराठीत आपण जिवलगांचे आभार मानले तर ‘एवढी परकी समजतेस का’ असे ऐकावे लागते. तिथे न मानल्यास तेच वाटते. मैत्रिणींना हाक मारताना आडनावापुढे ‘सान’ लावावे, त्यांनी स्वतःहून नावाने बोलवायला सांगेपर्यंत. स्वतःच्या नावापुढे ते कधी लावू नये.

आपण डिसेंबरमध्ये तिथे असाल तर ‘नेंगाजो’ हे नववर्षाचे कार्ड टपालाने पाठवावे. २५ डिसेंबरपर्यंत टाकलेली कार्डे जपानी टपाल खाते १ जानेवारीलाच घरोघर पोहोचवते. मात्र ज्यांच्या घरी त्या वर्षात मृत्यू झालेला असतो, ते शुभेच्छांची कार्डे घेत-देत नाहीत आणि तसे आधीच पत्राने कळवतात. असे पत्र एखाद्या मैत्रिणीकडून आले तर कार्ड पाठवू नये; जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साधे क्षेमकुशल विचारणारे पत्र लिहावे.